डब्यातलं बी

वडगावात आता दुपारी ऐकू येतं:
कांद्याच्या फुलावर उतरणारी गांधीलमाशी,
नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली.
एवढं बारीक काही वाजत असतं
हेच मला ठाऊक नव्हतं.

परड्यातलं पत्र्याचं शेड माझंच.
दोन माग होते, भंगारवाल्यानं किलोवर नेले.
उरल्या फण्या, धोटे, तडकलेल्या बॉबिनी
आणि कोपऱ्यात तेलाचा डाग.
धुतला तरी जात नाही, असं मी सांगतो.
धुतलेला नाही.

मे महिन्यात कामं असतात म्हणावं तर असतात.
सकाळी वांग्यांना पाणी,
तेही नळाला सुटलं असेल तर.
नसेल तर तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं.
मिरचीच्या पानामागचा मावा
जुन्या टूथब्रशनं, हळूच.
मग नवलकोलाच्या रिकाम्या वाफ्यात
खुरपं घेऊन बसायचं.
बसायचंच.
"काय करूलालाय?" बायको आतून विचारते.
"काम करूलालोय."
खुरप्याचा आवाज येत नाही
हे तिलाही कळतं.

मार्च संपता संपता शेड झाडताना
फळीवर बिस्किटांचा डबा सापडला.
आत मूठभर बी.
चिठ्ठीवरचं नाव झुरळांनी खाल्लेलं,
'गोड' एवढंच ठेवलेलं.
'ड'ची शेपटी लांब ओढलेली:
म्हणजे भरमाण्णा. माझ्या शेजारच्या मागावर होता.
पगाराच्या पाकिटावर सही करतानाही
तो शेपटी अशीच ओढायचा.
त्याला विचारायची सोय आता नाही.

बी पेरलं. आठव्या दिवशी दोन पानं वर.
भिंतीपलीकडून नीलव्वा म्हणाली, "अवरी री."
मी म्हटलं, "पावटा."
एकाच दाण्याची दोन नावं,
हे तिलाही ठाऊक, मलाही.
तरी वाद घातला.
दुपार मोठी होती.

वेलाला चढायला काहीतरी हवं.
शेडात जांभळं सूत पडून होतं,
कुणीतरी ठरवून मग न नेलेल्या साडीचं.
पत्र्याखालच्या वाशापासून मातीपर्यंत
मी ताणा लावला.
डोकं दुसरीकडे होतं,
बोटं मात्र तारा मोजत होती.

आणि वेल बघा,
हे सूत सोडून ते धरलं,
मध्येच आडवा झाला, मागं वळला,
काठ नाही, पदर नाही,
एका पानाचं दुसऱ्याशी माप नाही.
असं कापड मी काढलं असतं
तर शेटनं आठवड्याची मजुरी कापली असती.

वैशाख सरत आला तरी फूल नाही.
पानांवर पानं, नुसती पानं.
बाबू हुंदरे आला, कंबरेवर हात ठेवून बघितलं.
"उन्हाळ्यात पावटा लावतंय व्हय कोण?
थंडीचं पीक हे. उपट, भेंडी लाव."
बरोबर होतं त्याचं.
खरं, मी उपटला नाही.
बघू म्हटलं.

तोवर एक झालं.
ज्या पत्र्याला दुपारी हात टेकवत नव्हता
त्याच्या खाली आता माणूस बसतो.
तेलाच्या डागावर पानांची सावली हलते,
डाग कुठला आणि पान कुठलं
शोधत बसलं की अर्धा तास जातो.
नीलव्वा भिंतीवरून ताकाचा तांब्या देते,
बायको रिकामा परत करत नाही,
चार वांगी घालते.

डब्यात पाच दाणे राखून ठेवलेत.
नवी चिठ्ठी लिहावी म्हणून पेन घेऊन बसलो होतो.
नाव कुठलं घालायचं ते ठरेना,
झाकण तसंच लावून टाकलं.

बाबू रोज येतो,
वेल उपटायचा सल्ला द्यायला.
धोट्यांच्या खोक्यावर बसतो,
पाठ वेलाला लावतो,
सल्ला द्यायला सुरुवात करतो
आणि चारला मी त्याला उठवतो.